पहिला पीसी असेंबल करताय? पार्ट घ्यायच्या आधी हे जुळवून बघा

माझा भाचा सांगलीला असतो, कॉलेज करत करत लग्नाचे व्हिडिओ एडिट करायची कामं घेतो, आणि त्याच्या लॅपटॉपवर एक गाणं रेंडरला लावलं की पोरगं जेवून येतं तरी अर्धंच झालेलं असतं. म्हणून त्याने पीसी असेंबल करायचं ठरवलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मला लिस्ट पाठवली, मामा एकदा नजर टाक म्हणून. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड (पुढे नुसता बोर्ड म्हणतो), डीडीआर४ रॅम, आरटीएक्स ५०६०चं तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड, एक छोटंसं कॅबिनेट आणि ४५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा. सुटा सुटा बघितला तर एकही पार्ट वाईट नाही, सगळ्यांचे रिव्ह्यू बघून घेतलेले. पण तो प्रोसेसर त्या बोर्डात बसतच नाही, आणि हे सामान घरी आल्यावर कळलं असतं तर बॉक्स फोडलेला परत कोण घेतंय?

पहिल्यांदा पीसी करणाऱ्या बहुतेकांचं इथेच चुकतं असं मला वाटतं. आपण "सगळ्यात भारी कुठलं" हे शोधत बसतो आणि कशावरून काय ठरतं हा क्रमच लक्षात घेत नाही. प्रोसेसर ठरला की बोर्ड कुठला चालेल ते ठरतं, बोर्ड ठरला की रॅम ठरते, बोर्ड आणि कार्डाच्या मापावरून कॅबिनेट, आणि सगळ्यांची भूक मोजून शेवटी एसएमपीएस. ह्या क्रमाने गेलात तर चुकायला जागा फार कमी राहते, म्हणून भाच्याची लिस्ट आम्ही ज्या क्रमाने दुरुस्त केली त्याच क्रमाने सांगतो.

आधी प्रोसेसर आणि सॉकेट. सॉकेट म्हणजे बोर्डावरची ती चौकोनी जागा जिथे प्रोसेसर बसतो. एएमडीची सध्या बाजारात दोन सॉकेट दिसतील. जुनं एएम४, ज्याच्यात रायझन ५ ५६०० सारखे प्रोसेसर बसतात आणि डीडीआर४ रॅम लागते, आणि २०२२ मध्ये आलेलं एएम५, ज्यात रायझन ७०००, ८००० आणि ९००० सिरीज बसते आणि रॅम फक्त डीडीआर५ लागते. बी५५० हा एएम४चा चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप, बोर्ड तिच्याच नावाने ओळखतात) आहे आणि ७६०० हा एएम५चा प्रोसेसर, म्हणजे भाच्याच्या लिस्टमधली पहिली गाठ इथेच होती. बी६५० किंवा बी८५० पाहिजे, कमी बजेट असेल तर ए६२० पण चालतो.

इंटेलवाल्यांसाठी, १२वी, १३वी आणि १४वी जनरेशन एलजीए १७०० सॉकेटमध्ये बसतात (एच६१०, बी६६०, बी७६०, झेड६९०, झेड७९० हे त्याचे चिपसेट) आणि २०२४च्या ऑक्टोबरमध्ये आलेली कोअर अल्ट्रा २०० सिरीज एलजीए १८५१मध्ये. ह्या दोघांचं एकमेकांत काही बसत नाही. सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर फारच सांभाळायचं, कारण एलजीए ११५१ नावाचं सॉकेट ६वी-७वी जनरेशन आणि ८वी-९वी जनरेशन दोघांनाही आहे, नाव तेच, प्रोसेसर आत बसतो सुद्धा, पण ८वीचा प्रोसेसर जुन्या १०० किंवा २०० सिरीजच्या बोर्डावर चालू होत नाही. म्हणून नुसतं सॉकेटचं नाव जुळलं म्हणून खुश व्हायचं नाही. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या बोर्डाचं पान उघडायचं, तिथे सपोर्टमध्ये सीपीयू लिस्ट असते, आपला प्रोसेसर त्यात शोधायचा. दुकानदार काय म्हणतो, यूट्यूबवाला काय म्हणतो, मी काय म्हणतो, ह्या सगळ्याच्या वर ती लिस्ट.

त्या लिस्टमध्ये प्रोसेसरच्या समोर बायॉसचं (पीसी चालू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) व्हर्जन पण लिहिलेलं असतं, ते वाचाच. बोर्ड आधी बाजारात आला आणि प्रोसेसर नंतर, असं असलं की जुन्या स्टॉकमधल्या बोर्डाला तो नवा प्रोसेसर ओळखताच येत नाही. बी६५० बोर्ड २०२२चे, रायझन ९००० सिरीज २०२४ची, त्यामुळे कपाटात पडून राहिलेला बी६५० घेतलात आणि त्यावर ९६००एक्स बसवलात तर स्क्रीन काळीच राहील आणि तुम्हाला वाटेल बोर्ड मेला. बी६६० आणि १३वी जनरेशनचं पण तसंच. अशा वेळी एक तर दुकानातच बायॉस अपडेट करून मागायचा, नाहीतर ज्या बोर्डाला मागच्या बाजूला बायॉस फ्लॅशबॅकचं बटण आहे तो घ्यायचा, त्यात प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून अपडेट होतो. पहिल्यांदा करणाऱ्याने शंभर चमचमत्या फीचरपेक्षा हे एक बटण बघावं असं माझं मत आहे.

प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी असलेलं अक्षर सोडू नका. इंटेलच्या नावामागे एफ असेल, जसं १२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नाही, म्हणजे वेगळं कार्ड नसेल तर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. एएम४चा ५६०० पण तसाच, बिनग्राफिक्सचा, आणि ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे. एएम५चा ७६०० साधं ग्राफिक्स घेऊन येतो, ७५००एफ मध्ये ते नाही. कार्ड नंतर दिवाळीला घेऊ असा विचार असेल तर हे अक्षर म्हणजे दिवाळीपर्यंत पीसी चालू राहणार की नाही ह्याचा प्रश्न आहे. आणि समजा कार्ड आत्ताच घेताय, तरीसुद्धा कार्ड बिघडलं आणि वॉरंटीला पाठवलं तर ते यायला दिवस जातात, तेवढ्या काळात प्रोसेसरमधलं साधं ग्राफिक्स मशीन चालू तरी ठेवतं. एडिटिंगवाल्यांनी इंटेल घेतला तर एफ शक्यतो टाळावा, कारण आतल्या ग्राफिक्सबरोबर क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओचं काम पटकन करणारा भाग, येतं आणि व्हिडिओ डिकोडला त्याचा उपयोग होतो.

रॅमवर जरा जास्त बोलतो कारण इथे मी स्वतः पैसे घालवलेत. माझ्या आधीच्या पीसीच्या वेळी बी७६० बोर्ड घेतला होता, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानात जाऊन रॅम मागितली, त्याने विचारलं बोर्ड कुठला, मी म्हटलं बी७६०, त्याने डीडीआर५ दिली. घरी येऊन लावायला गेलो तर खाच जुळेना. एलजीए १७००चे बोर्ड डीडीआर४चे पण येतात आणि डीडीआर५चे पण, चिपसेट तोच, फरक फक्त मॉडेलच्या नावात कुठेतरी डी४ किंवा डीडीआर४ असा लिहिलेला असतो, आणि माझ्या बॉक्सवर तो बारीक अक्षरात होता. सील फोडलेलं म्हणून दुकानदाराने परत घेतली नाही, शेवटी नुकसान सोसून एकाला विकली. दोन्ही रॅमला पिना २८८च असतात, लांबी तीच, पण मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची बसत नाही आणि जोर लावून बसवायची तर मुळीच नाही. लॅपटॉपची रॅम छोटी असते, ती इथे चालत नाही, जुन्या लॅपटॉपची काढून लावू असा बेत असेल तर सोडून द्या.

एकच मोठी काडी घेण्यापेक्षा दोन सारख्या काड्यांचा सेट घ्या, १६ जीबीची एक घेण्यापेक्षा ८ च्या दोन, ३२ पाहिजे तर १६ च्या दोन, म्हणजे ड्युअल चॅनल चालतं, प्रोसेसर दोन्ही काड्या एकदम वापरतो. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून बहुतेक बोर्डांवर दुसऱ्या आणि चौथ्यात लावायच्या, मॅन्युअलमध्ये चित्र असतं. आत्ता दोन घेऊ आणि पुढच्या वर्षी अजून दोन घालू असं डीडीआर५ मध्ये करू नका. रायझन ७०००ला एएमडीने अधिकृत वेग दिलाय तो दोन काड्यांना ५२०० आणि चार काड्यांना ३६००, म्हणजे काड्या वाढल्या की वेग पडतो. जेवढी लागणार तेवढी पहिल्यापासून दोन काड्यांत घ्या. एएम५ला ६००० स्पीडची, एक्सपो (रॅमच्या जास्त वेगाचं तयार सेटिंग) लिहिलेली घेतली की काम झालं, पण ती लावल्या लावल्या ६०००वर चालत नाही, बायॉसमध्ये जाऊन एक्सपो चालू करावं लागतं (इंटेलवर एक्सएमपी). कित्येक लोक वर्षभर तशीच कमी वेगात चालवत असतात. आणि इंटेलच्या एच६१० बोर्डावर महागडी फास्ट रॅम घालू नका, तो चिपसेट तिला ठरलेल्या वेगाच्या वर चालवू (ओव्हरक्लॉक करू) देतच नाही. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटी शेवटी जे भडकले ते बघता प्रत्येक काडी विचार करूनच घ्यायची वेळ आली आहे. भाच्याला आम्ही १६ च्या दोन घेतल्या, टाइमलाइन मोठी झाली की १६ जीबी पुरत नाही हे त्याने लॅपटॉपवर अनुभवलेलंच होतं.

एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची हार्डडिस्कच्या जागची वेगवान डिस्क, सोपी आहे, फक्त एक फसगत आहे. एम.२ नावाची जी पट्टीसारखी एसएसडी असते ती दोन जातींची येते, एनव्हीएमई आणि साटा, दिसायला जवळजवळ सारखी. काही बोर्डांचे एम.२ स्लॉट फक्त एनव्हीएमईच घेतात, म्हणून एनव्हीएमईच घ्यायची, वेग पण साटाच्या सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या तुलनेत जेन ३ला (जेन म्हणजे पिढी) ३५०० पर्यंत आणि जेन ४ला ७००० पर्यंत जातो. साइज २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, ती सगळीकडे बसते. जुन्या साटा हार्डडिस्क पण लावणार असाल तर मॅन्युअलमध्ये एक बारीक टीप असते ती शोधा, अमुक एम.२ स्लॉट वापरला तर तमुक साटा पोर्ट बंद होतो, म्हणजे हार्डडिस्क खराब नसते, पोर्टच बंद असतो.

ग्राफिक्स कार्ड कुठल्याही आधुनिक बोर्डाच्या लांब स्लॉटमध्ये बसतं, त्या स्लॉटचं पीसीआय एक्सप्रेस जुनं-नवं चालतं, त्यामुळे तिथे फार डोकं लावायला नको. तरी एक अपवाद लक्षात ठेवा, काही स्वस्त कार्डांना लेन, म्हणजे डेटा जायचे रस्ते, कमी असतात. आरएक्स ६५०० एक्सटीला फक्त चारच आहेत, जेन ४च्या बोर्डावर ठीक, पण बी४५० सारख्या जेन ३च्या बोर्डावर ते कार्ड चांगलंच मार खातं. जुन्या बोर्डात नवीन स्वस्त कार्ड घालणाऱ्यांनी हे बघूनच घ्या. आणि घरात जुना व्हीजीएवाला मॉनिटर असेल तर नव्या कार्डांवर व्हीजीए नाही, एचडीएमआय आणि डिस्प्ले पोर्ट असतात, मध्ये कन्व्हर्टर लागतो, तो आधीच मागवून ठेवा.

आता माप. कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये त्याच्या पानावर लिहिलेली असते आणि कॅबिनेटच्या पानावर "जीपीयू क्लिअरन्स" असा आकडा असतो, दुसरा पहिल्यापेक्षा मोठा पाहिजे, आणि अगदी दोन-चार मिलिमीटरने मोठा असून पण भागत नाही कारण पुढे पंखे लावले की ती जागा खातात. भाच्याचं तीन पंख्यांचं कार्ड त्या छोट्या कॅबिनेटच्या आकड्याच्या बाहेर जात होतं, म्हणून आम्ही तेच कार्ड दोन पंख्यांचं घेतलं आणि कॅबिनेट पण एक साइज मोठं घेतलं. बोर्डाची मापं तीन, एटीएक्स ३०५ बाय २४४, मायक्रो एटीएक्स साधारण २४४ बाय २४४ आणि मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. मोठ्या कॅबिनेटमध्ये छोटा बोर्ड बसतो, उलट नाही. टॉवर कूलर घेणार असाल तर त्याची उंची १५० ते १६० मिलिमीटर असते, कॅबिनेटचा कूलरचा आकडा बघा नाहीतर बाजूची काच बंदच होणार नाही. ७६००च्या बॉक्समध्ये कूलर येतो, ७६००एक्सच्या येत नाही, इंटेलचे नावामागे के असलेले पण बिनकूलरचे. एएम४साठीचे बरेच कूलर एएम५ला बसतात, पण जे बोर्डामागची प्लेट बदलायला लावतात ते बसत नाहीत कारण एएम५ची प्लेट सॉकेटलाच धरून असते.

कॅबिनेट घेताना समोर जाळी आहे का बघा. समोर पूर्ण काच असलेली कॅबिनेटं फोटोत सुंदर दिसतात, पण नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात ४५ अंशात बिनएसीच्या खोलीत त्या काचेमागे कार्ड रेंडर करत असेल तर त्याने श्वास कुठून घ्यायचा? जाळी आणि धुळीची फिल्टर, जी काढून धुता येते, एवढं असलं की कॅबिनेट चांगलं. लायटिंगच्या पट्ट्या लावायची हौस असेल तर तीन पिनची एआरजीबी ५ व्होल्टची असते आणि चार पिनची आरजीबी १२ व्होल्टची, ५वाली १२च्या पिनांवर दाबून बसवली तर पट्टी गेली समजा.

एसएमपीएसवर पैसे वाचवू नका, हे मी हात जोडून सांगतो. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा, वजनाला हलका, बिननावाचा एसएमपीएस मरताना एकटा मरत नाही. हिशोब असा करायचा, ७६०० जास्तीत जास्त ८८ वॉट घेतो, आरटीएक्स ५०६० १४५ वॉट, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून अजून ५०-६० धरा, झाले साधारण २९०. त्यावर जागा ठेवायची कारण कार्ड क्षणभर उसळी मारतं, आणि एनव्हिडिया स्वतः ह्या कार्डाला ५५० वॉट सांगते, म्हणून ४५० चा ५५० केला. ८० प्लस ब्रॉन्झ लिहिलेला असावा, पण ते चिन्ह वीज किती वाया जाते एवढंच सांगतं, आतला माल कसा आहे ते नाही, त्यामुळे त्या मॉडेलचा रिव्ह्यू आणि वॉरंटी किती वर्षांची हे पण बघा. कार्डाला किती आठ पिनच्या केबल लागतात ते मोजा आणि एसएमपीएसवर तेवढ्या आहेत ना बघा. प्रोसेसरची आठ पिन आणि कार्डाची आठ पिन दिसायला सारख्या पण वेगळ्या, प्रोसेसरवालीवर सीपीयू लिहिलेलं असतं आणि ती चार-चार अशी फुटते, कार्डाची सहा-दोन.

मॉड्युलर एसएमपीएस असेल, म्हणजे केबल काढता येतात असा, तर एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही, कधीही लावू नका. टोक बसतं, पण एसएमपीएसकडच्या बाजूला पिनांचा क्रम प्रत्येकाचा वेगळा असतो. माझ्या एका मित्राने एसएमपीएस बदलला आणि आळस करून जुन्याच केबल ठेवल्या, चालू केल्या क्षणी दोन हार्डडिस्क गेल्या, त्यात त्याच्या वडिलांचे शेवटच्या वर्षातले फोटो होते आणि दुसरी कॉपी नव्हती. एसएमपीएस बदललात की केबल पण त्याच्याच लावा, नवीन सगळ्या.

भिंतीतली वीज हा पण जुळवायचाच पार्ट आहे. जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट असतं पण मागे अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून अर्थला जोडलेले असतात, अर्थिंग नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर साधारण निम्मा व्होल्टेज येऊन बसतो आणि हात लावला की झिणझिण्या येतात. लोक म्हणतात कॉम्प्युटर शॉक मारतो, तर कॉम्प्युटरची काही चूक नसते, वायरमनला बोलवा आणि अर्थिंग करून घ्या. लाइट जायचा त्रास असेल तर यूपीएस, पण ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॉटच देतो, कार्डवाला पीसी आणि मॉनिटर त्याच्या काठावर जातात, म्हणून १००० व्हीएच्या पुढचा बघा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं ते चालू करा, नाहीतर लाइट गेली की पीसी मधल्या क्षणात बंद पडतो.

सगळं ठरलं की लिस्ट पीसीपार्टपिकरवर टाकून बघा, तिथे इंडिया निवडता येतं, न जुळणारं बरंचसं ते लाल करून दाखवतं, खालच्या नोट्स पण वाचा. मग खरेदी. मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेलात, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं, तर मॉडेलचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत कागदावर लिहून न्या आणि बॉक्सवर ताडून घ्या. "तो नाहीये, हा घ्या, सेमच आहे" असं कोणी म्हटलं तर तिथेच उभं राहून मोबाइलवर त्या मॉडेलचं पान उघडा. वायफाय नसलेला बोर्ड आणि वायफायवाला बोर्ड ह्यांच्या नावात एवढासाच फरक असतो आणि घरी आल्यावर नेट लागत नाही. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर सिरीयल नंबर लिहून मागा, वॉरंटीच्या वेळी तेच विचारतात. आणि शक्य असेल तर बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकाच दुकानातून, एकाच दिवशी, म्हणजे जुळलं नाही तर बोलायला एकच माणूस समोर असतो.

घरी आल्यावर लगेच कॅबिनेटमध्ये भरायला घेऊ नका. बोर्डाच्या पुठ्ठ्याच्या बॉक्सवर बोर्ड ठेवून प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस एवढंच जोडून एकदा चालू करून बघा, प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर मॉनिटर बोर्डाला लावायचा, नसेल तर कार्ड पण जोडायचं. पुढे सगळं कॅबिनेटमध्ये बसवल्यावर मात्र मॉनिटरची केबल कार्डालाच, बोर्डाला नाही. एएम५ असेल तर पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखे फिरतात, लाइट लागतात आणि स्क्रीन काळीच राहते, कारण बोर्ड रॅम शिकत असतो, आणि त्याला कधी कधी कित्येक मिनिटं लागतात. भाच्याने दुसऱ्या मिनिटाला मला व्हिडिओ कॉल लावला, रडवेला झालेला, बटण बंद करू का म्हणून विचारत होता. मी म्हटलं हात लावू नकोस, घड्याळ बघ आणि दहा मिनिटं थांब. सातव्या मिनिटाला बायॉसचं पान आलं.